वर्धा जिल्ह्यातील ट्रक मालवाहतूक

वर्धा जिल्ह्यातील ट्रक मालवाहतूक हा विदर्भातील वर्धा जिल्ह्याच्या शेती व उद्योगांशी निगडित असलेला व्यवसाय आहे. कापूस, सरकी, सोयाबीन, सिमेंट व पोलाद हा त्यातील प्रमुख माल होय. जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी 'एमएच ३२' या क्रमांकाने होते.

इतिहास

वर्धा जिल्ह्याची निर्मिती १८६२ मध्ये झाली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्यानंतर कापूस बैलबंडीने रेल्वे स्थानकावर व तेथून मुंबईस जाऊ लागला. पुलगाव–आर्वी हा अरुंदमापी मार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. रेल्वेशी स्पर्धा करू लागलेल्या मोटार वाहतुकीवर १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांचे नियंत्रण आणले.

१९५४ पासून जमशेदपूर येथे टाटा–मर्सिडीझ बेन्झ ट्रकचे उत्पादन होऊ लागले व देशी बनावटीचे ट्रक उपलब्ध झाले. विदर्भातील सरकारी प्रवासी वाहतूक १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. मालवाहतुकीचे मात्र राष्ट्रीयीकरण झाले नाही. त्यामुळे ती मुख्यतः लहान खासगी मालकांकडे राहिली. १९७२ मध्ये लागू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत कापूस राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध होते. त्या काळात खरेदी केंद्र ते जिनिंग कारखाना ही वाहतूक महत्त्वाची ठरली.

ताफा

सहा चाकी ट्रक, दहा व बारा चाकी ट्रक, ट्रेलर आणि २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस (लोकभाषेत 'छोटा हत्ती') अशी वाहने वापरात आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने दोन आसांच्या ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन, तर तीन आसांच्या ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टन केले. भूगाव येथील पोलाद कारखान्याच्या अवजड मालासाठी ट्रेलर उपयुक्त ठरतात.

व्यवसायाचे स्वरूप

अनेक मालकांकडे एक ते पाच ट्रक असतात. माल व ट्रक यांची गाठ ट्रान्सपोर्ट कार्यालय घालून देते व त्याबद्दल दलाली घेते. मालाची पोचपावती 'बिल्टी' म्हणून ओळखली जाते. परतीचे भाडे न मिळाल्यास डिझेल व पथकराचा बोजा मालकावर पडतो. कर्जावर घेतलेल्या ट्रकचे हप्ते मात्र वर्षभर चालू राहतात, तर कापसाची वाहतूक दिवाळीनंतरच्या काही महिन्यांत एकवटलेली असते. कमी भाड्याची भरपाई जादा माल भरून करण्याची प्रवृत्ती त्यातून निर्माण होते. अशा भाराने ब्रेक व टायर यांवर ताण येतो, रस्ते खचतात आणि अपघाताचा धोका वाढतो.

मार्ग

हिंगणघाट व जाममार्गे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूरला हैदराबादशी जोडतो. राष्ट्रीय महामार्ग ३६१ बुटीबोरीहून वर्धा व यवतमाळमार्गे तुळजापूरकडे जातो. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे वाहतुकीस उपलब्ध झाला. येळाकेळी येथून वर्ध्यातील वाहनांना त्यावर प्रवेश मिळतो. सिंदी (रेल्वे) येथे रेल्वे व रस्ते वाहतुकीची सांगड घालणारे बहुविध मालवाहतूक उद्यान विकसित करण्यात येत आहे.