शौलाच्या मुलाचं नाव काय? हिब्रू नावांतला इतिहास

आज आपण बायबलमधल्या हिब्रू नावांबद्दल बोलणार आहोत. अर्थांची यादी मी वाचून दाखवणार नाही. दावीद म्हणजे प्रिय, नामी म्हणजे रम्य, हे तुम्हाला कुठल्याही नावांच्या पुस्तकात मिळेल. मला एकच प्रश्न घ्यायचा आहे. इस्राएलचा पहिला राजा शौल. लढाईत तो मेला, तीन मुलगे त्याच्याबरोबर गेले, आणि उरलेला एक मुलगा गादीवर बसला. दोन वर्षं कशीबशी काढली आणि दुपारी झोपलेला असताना त्याच्याच सरदारांनी त्याला मारलं. त्या मुलाचं नाव काय?

मराठी बायबल काढून 2 शमुवेल हे पुस्तक वाचलंत तर उत्तर मिळेल, ईश-बोशेथ. आणि 1 इतिहास या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात शौलाची वंशावळ आहे, ती पाहिलीत तर तिथे ईश-बोशेथ नाहीच. तिथे आहे एश्बआल. माणूस तोच. 'ईश' म्हणजे पुरुष. 'बोशेथ' म्हणजे लाज. म्हणजे एका पुस्तकाप्रमाणे राजाचं नाव 'लाजेचा माणूस', आणि दुसऱ्याप्रमाणे 'बआलचा माणूस'.

आता तुम्ही म्हणाल, वाईट नाव ठेवण्यात नवल काय? आपल्याकडे मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, दृष्ट लागू नये म्हणून. इथे मात्र तसं नाही. कारण हीच गत आणखी दोघांची झाली आहे. शौलाचा थोरला मुलगा योनाथान, त्याचा पायाने अधू झालेला मुलगा एका पुस्तकात मफीबोशेथ आहे आणि दुसऱ्यात मरीब्बआल. आणि गिदोन हा जो वीर, त्याचं दुसरं नाव 'शास्ते' या पुस्तकात यरुब्बआल आहे, 2 शमुवेलच्या 11व्या अध्यायात मात्र यरुब्बेशेथ. तीन माणसं, आणि तिघांच्याही नावातून बआल उठला आणि त्याच्या जागी लाज येऊन बसली. कुणीतरी हात फिरवलेला आहे, हे उघड आहे. का फिरवला?

त्यासाठी आधी ही नावं कशी बनतात ते बघू. पुष्कळ हिब्रू नावं म्हणजे छोटी वाक्यं असतात. कर्ता देव, आणि पुढे एक क्रियापद. 'नाथान' म्हणजे त्याने दिलं. त्याला 'एल' जोडला, म्हणजे देव, की झाला नथनेल, देवाने दिला. तेच उलटं केलं की एलनाथान. इस्राएलच्या देवाचं खास नाव चार अक्षरी, बहुतेक अभ्यासक त्याचा उच्चार याव्हे असा धरतात. ते नावात येताना आखडतं. पुढे आलं तर 'यहो' किंवा 'यो', शेवटी आलं तर 'याहू' किंवा नुसतं 'या'. म्हणून योनाथान म्हणजे याव्हेने दिला. यशया, यिर्मया, जखऱ्या, या सगळ्यांच्या शेपटीला तो 'या' आहे. आपला देवदत्त अगदी याच घडणीचा आहे. फरक इतकाच की देवदत्त ऐकून कोणता देव ते कळत नाही. दत्तात्रय, खंडेराव, विठ्ठल म्हटलं की घराण्याचं दैवत कळतं. हिब्रू नावातही ते कळतं, आणि म्हणून इतिहासकाराला ही नावं सोन्यासारखी आहेत. राजे काय म्हणाले ते शिलालेखात असतं. घरातल्या आईबापांनी कोणाचे आभार मानले, ते पोराच्या नावात असतं.

आता बआल. रविवारच्या शाळेत आपण शिकतो की बआल म्हणजे कनानी लोकांचा खोटा देव. पण मुळात तो एक साधा शब्द आहे. अर्थ मालक, स्वामी, आणि नवरासुद्धा. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे: धनी. शेताचा धनी, घराचा धनी, आणि जुन्या पिढीतली बाई नवऱ्याला म्हणायची तेही धनीच. कनानी लोक आपल्या पावसापाण्याच्या देवाला 'धनी' म्हणत होते हे खरं. पण इस्राएली माणूसही आपल्या देवाला 'धनी' म्हणत असला तर?

म्हणत होता. पुरावा बायबलमध्येच आहे. दावीदाच्या योद्ध्यांच्या यादीत, 1 इतिहासच्या 12व्या अध्यायात, एक नाव आहे त्याची फोड होते बआल अधिक याह. याव्हे हाच धनी! दावीदाच्या स्वतःच्या एका मुलाचं नाव एका ठिकाणी एल्यादा आणि दुसऱ्या ठिकाणी बेल्यादा, म्हणजे एकदा 'एल' जाणतो आणि एकदा 'बआल' जाणतो. आणि शौलाचं घर बघा. एक मुलगा योनाथान, याव्हेच्या नावाचा. दुसरा एश्बआल. एकाच बापाची पोरं. त्या बापाला यात विसंगती वाटत नव्हती. पुढे होशेय संदेष्टा इ.स.पू. 8व्या शतकात देवाच्या तोंडी जे घालतो त्याचा आशय असा आहे: यापुढे तू मला माझा पती म्हणशील, माझा धनी, 'बआल', म्हणणार नाहीस. यापुढे नाही, याचा अर्थ तोवर लोक म्हणत होते.

गिदोनाचं तर आणखी गमतीचं आहे. त्याच्या बापाचं नाव योवाश, म्हणजे सुरुवातीला 'यो', याव्हेचा. आणि या योवाशाच्या अंगणात वेदी कोणाची? बआलची. मुलाने रात्री ती फोडली. गावकरी चिडले. बाप म्हणाला, बआल देव असेल तर त्याने स्वतः भांडावं. म्हणून मुलाचं नाव यरुब्बआल पडलं, 'बआलने याच्याशी भांडावं'. गोष्ट छान आहे. पण नाव ठेवणारे आईबाप देवाला आपल्या मुलाच्या बाजूने भांडायला सांगतात, विरुद्ध नाही! ते नाव आधीचं असणार आणि गोष्ट मागाहून, नावाची अडचण सोडवायला आलेली.

बायबलमध्ये असं वारंवार होतं, म्हणून जरा थांबू. मोशेचं नाव घ्या. निर्गमच्या 2ऱ्या अध्यायात फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून काढलं म्हणून हा मोशे. हिब्रू धातू 'माशा', ओढून काढणं. पण हिब्रू व्याकरणाप्रमाणे 'मोशे' म्हणजे काढणारा, काढलेला नव्हे. आणि इजिप्तची राजकन्या हिब्रूत नाव का ठेवेल? इजिप्तच्या भाषेत 'मोसे' म्हणजे जन्मलेला. थुतमोसे, म्हणजे थोथ देव जन्मला. रामसेसमध्येही तोच शब्द. मोशेच्या नावात मात्र पुढचा देव नाही, फक्त 'जन्मलेला' उरलाय. स आणि श या ध्वनींची एक अडचण भाषातज्ज्ञ दाखवतात, तरी बहुतेकांचं मत नाव इजिप्तचं असंच आहे. त्याच्या भावाचा नातू फिनहास, तेही नाव इजिप्तचं, अर्थ दक्षिणेकडचा, नुबियाचा माणूस. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट किती ऐतिहासिक, यावर वाद आहेत आणि राहतील. पण याजकांच्या घराण्यात इजिप्तची नावं आहेत, आणि ती कुणी मुद्दाम रचून घातली असतील असं मला वाटत नाही. रचणाऱ्याने चांगली हिब्रू नावं रचली असती.

दुसरं उदाहरण शमुवेलाचं. हन्ना म्हणते, मी याला देवाजवळ मागितलं म्हणून हा शमुवेल. आता मागणं याला हिब्रू धातू 'शाअल'. त्यातून शमुवेल होत नाही. त्यातून होतो शाऊल, म्हणजे आपला शौल! मागितलेला. शमुवेल म्हणजे साधारण 'एलचं नाव'. त्याच अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाला देवळात सोडते तिथे मूळ हिब्रूत 'शाऊल' हा शब्द जसाच्या तसा आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही जन्मकथा मुळात शौलाची होती, आणि ती शमुवेलाकडे गेली. मला हे पटतं, पण सिद्ध झालंय असं म्हणणार नाही. एवढं खरं की शौलाच्या घराण्याला नंतरच्या लेखकांनी फार माया दाखवलेली नाही.

तर, परत त्या लाजेकडे. काळ बदलला. बआल या शब्दावरून संदेष्ट्यांचा आणि राजघराण्यांचा झगडा झाला. एलीया आणि बआलचे पुजारी कर्मेल डोंगरावर समोरासमोर आले ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. त्यानंतर 'धनी' हा शब्द निरागस राहिला नाही. पुढच्या काळातल्या लेखनिकांना राजपुत्राच्या नावातला बआल मोठ्याने वाचवेना, त्यांनी तिथे बोशेथ घातलं. याविरुद्धही एक मत आहे, ते सांगायला हवं. अक्कादी भाषेत 'बाश्तू' म्हणजे मान, अब्रू. काहींच्या मते बोशेथ हे त्याचंच भावंड आणि नाव मुळातच प्रतिष्ठेचं. एकट्या ईश-बोशेथबद्दल हे चाललं असतं. यरुब्बेशेथपाशी मला ते अडतं.

आणि गंमत अशी की 'इतिहास' हे पुस्तक 'शमुवेल'पेक्षा पुष्कळ नंतरचं, तरी जुनं नाव त्यात टिकलं. बहुधा वंशावळी कमी वाचल्या जात, म्हणून तिथे कुणाचा हात पोचला नाही. आपल्याकडे बखरीपेक्षा घरातल्या जमाखर्चाच्या वह्या जास्त खरं बोलतात, तसंच.

जमाखर्चावरून आठवलं. 1910 साली शोमरोन, म्हणजे समारिया इथे हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात, रायस्नर यांच्या देखरेखीखाली, शाईने लिहिलेली खापरं सापडली. साठच्या वर वाचता येतात. काळ इ.स.पू. 8वं शतक, होशेयचाच. मजकूर अगदी रुक्ष: अमक्याकडून जुनी दारू, तमक्याकडून तेल. पण नावं बघा. एका खापरावर माल घेणारा गद्दियाव, याव्हेच्या नावाचा, आणि देणाऱ्यांमध्ये अबीबआल आणि मरीबआल. आपल्या योनाथानच्या मुलाचंच नाव! एका पावतीवर दोघं सुखाने नांदतायत.

आणि 2012 मध्ये एला खोऱ्याच्या वर, खिर्बेत कैयाफा इथे, फुटलेल्या मोठ्या रांजणाचे तुकडे मिळाले. ते जुळवल्यावर अक्षरं लागली: एश्बआल बेन बेदा. बेदाचा मुलगा एश्बआल. काळ इ.स.पू. 10व्या शतकाच्या आसपास, म्हणजे परंपरेप्रमाणे दावीदाचा. हा शौलाचा मुलगा नव्हे, बापाचं नाव वेगळं आहे. पण असं नाव त्या काळी माणसं खरंच ठेवत होती, हे मातीनेच सांगितलं.

याच्या शेजारी यरुशलेम ठेवा. 1982 मध्ये दावीदनगरात शिलोह यांच्या उत्खननात मातीच्या पन्नासएक मुद्रा मिळाल्या. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने शहर जाळलं, कागद जळाले आणि त्यांच्यावरची माती भाजून पक्की झाली. एकीवर गमऱ्याहू बेन शाफान, यिर्मयाच्या 36व्या अध्यायातला माणूस. त्या ढिगात 'याहू'वर संपणारी नावं भरपूर, बआल नाही. चारशे वर्षांत घराघरातली भाषा बदलली, ती अशी मोजता येते. (बाजारात विकत घेतलेल्या मुद्रांचं मी बोलत नाही. यिर्मयाचा लेखनिक बारूख याची म्हणून गाजलेली मुद्रा अनेक तज्ज्ञ आज बनावट मानतात.)

पण मग निर्वासनात काय झालं? बाबेलहून परत येऊन ज्याने देऊळ पुन्हा बांधायला घेतलं त्याचं नाव जरुब्बाबेल, बाबेलचं बीज. एस्तेरच्या पुस्तकातला मर्दखय, त्याच्या नावात सरळ मार्दुक देव. आणि त्यांना कुणी बोशेथ लावलं नाही.

एका श्रोत्याने विचारलं आहे की आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांच्या नावांचं काय झालं. चांगला प्रश्न. रायगडच्या किनाऱ्यावर, तेल गाळणारे शनवार तेली म्हणून ते राहिले, आणि नावं मराठी झाली. अब्राहामचा आबाजी, बिन्यामीनचा बनाजी, यहेज्केलचा हसाजी, शमुवेलचा सामाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये ज्यांनी बांधलं, ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. आता तुम्हीच फोड करा. शमुवेल आणि यहेज्केल, दोन्हींच्या शेवटी 'एल' होता, देव होता. तो गळाला आणि त्या जागी आपला 'जी' आला. पुढे इंग्रजी आणि हिब्रू शाळा आल्या, तेव्हा सामाजीचे पुन्हा सॅम्युएल झाले. दिवेकर मात्र दिवेकरच राहिले.