स्वतःचं गाणं वाजवायची हिंमत : रॉक मशीनचा पहिला अल्बम

आजचा भाग एका अल्बमवर आहे. १९८८ साली सीबीएस कंपनीनं मुंबईच्या रॉक मशीन या बँडचा पहिला अल्बम काढला, नाव 'रॉक अँड रोल रेनेगेड'. रेनेगेड म्हणजे आपला कळप सोडून गेलेला, फितूर. हे नाव त्या पोरांना किती लागू पडतं, ते आज बघू. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालाय, म्हणून आठवणी सांगत नाही, इतिहास सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे रॉक काही १९८८ मध्ये आला नाही. १९७० च्या आसपास सिमला सिगारेटच्या नावानं 'सिमला बीट' स्पर्धा व्हायच्या, देशभरातले बँड त्यात उतरायचे आणि त्यांच्या रेकॉर्डीही निघाल्या. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबात वाजवूनही गेले. १९७४ च्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'च्या मुंबईतल्या प्रयोगात ज्युडास कोणी केला? नंदू भेंडे यांनी, म्हणजे आपल्या आत्माराम भेंडे यांच्या मुलानं. त्यामुळे मराठी माणसाचा आणि रॉकचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर हे एक नाव पुरेसं आहे.

मग अडचण काय होती? बँड होते, वाजवणारे तयारीचे होते, पण बहुतेक वेळ वाजायची दुसऱ्यांचीच गाणी. लोकांना तेच हवं असायचं. डीप पर्पलचा तुकडा जसाच्या तसा काढला की टाळ्या. स्वतःचं गाणं लावलं की लोक चहा प्यायला उठणार, नाहीतर ओरडणार. आमच्या भाषेत सांगायचं तर चालणारा कोड कॉपी-पेस्ट करायचा, कोणी काही म्हणत नाही. स्वतः लिहायला घेतलं की प्रत्येक चूक तुमच्या नावावर.

रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. लोकांच्या लक्षात तो राहिला तो या नावांनी : गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ड्रम्सवर मार्क मेनेझिस. मुंबई कशी आहे ते या एका यादीतच दिसतं. सुरुवात त्यांनीही इतरांचीच गाणी वाजवून केली. १९८६ पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरायला लागला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं ते उघडं नाट्यगृह त्या काळात रॉकवाल्यांची पंढरी होती. पुढे आवाजाचे नियम आले आणि तिथले कार्यक्रम थांबले.

आता जरा गिटारचा आवाज समजून घेऊ. हार्ड रॉकची गिटार अशी घरघरते कशी? अँप्लिफायरला झेपेल त्याच्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात. त्या कापण्यातून नवे वरचे स्वर तयार होतात आणि आवाज जाडजूड, करकरीत होतो. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. पण यात एक मेख आहे. अशा आवाजात गंधारासकट पूर्ण कॉर्ड वाजवली तर ते नवे स्वर एकमेकांत अडकतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून हे लोक फक्त षड्ज आणि पंचम वाजवतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणायचं. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन, इतकं सोपं, म्हणून एवढ्या गोंगाटातही ते स्वच्छ ऐकू येतात. तंबोऱ्यावर आपण काय छेडतो? हेच दोन स्वर. ज्याला आपल्या घरातली मोठी माणसं 'परदेशी धिंगाणा' म्हणतात, त्याच्या पोटात तंबोरा बसलाय, बरं का.

हा आवाज १९८८ मध्ये काढणं सोपं नव्हतं. उदारीकरण व्हायला अजून तीन वर्षं होती आणि आयातीवर भलामोठा कर होता. चांगली परदेशी गिटार हवी तर कोणीतरी बाहेरून येणारं ओळखीचं लागायचं, नाहीतर कोलकात्याची गिव्हसन होतीच. घराघरात टीव्ही म्हणजे दूरदर्शन. एमटीव्ही आपल्याकडे आला तो स्टार टीव्हीबरोबर १९९१ मध्ये. म्हणजे या बँडनं अल्बम काढला तेव्हा तो गावोगावी पोचवायला ना वाहिनी होती, ना मासिक. 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक अलाहाबादहून सुरू झालं तेही १९९३ मध्ये. होतं काय, तर कॅसेट. एकानं विकत घ्यायची आणि दहा जणांनी भरून घ्यायची.

आता अल्बम. खरं सांगतो, तो निर्दोष नाही. ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन आणि ब्रिटिश हार्ड रॉकची सावली त्यावर पडलेली आहे. नावातच ती दिसते. पण ऐकताना मला आवडतो तो त्यांचा ठामपणा. गाणी त्यांची आहेत, सही त्यांची आहे, फसलं तरी त्यांचंच. फितूर म्हणायचंच असेल तर ते कव्हरवाल्या कळपातून फुटले, असं मी म्हणेन.

इथे आपल्या भंडाऱ्याची आठवण येते. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार असते, खडी गंमत असते आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. सिनेमाची गाणी तिथेही वाजतात. पण दर हंगामाला नवी नाटकं लिहिली जातात आणि धान कापून थकलेला माणूस पहाटेपर्यंत बसून ती बघतो. आपलं, नवं, कधी न ऐकलेलं त्याला चालतं. उलट महानगरातला शिकलेला श्रोता बँडकडे मागायचा हुबेहूब नक्कल. मग मागासलेलं कोण, हा प्रश्न मला पडतो. माझ्या बीटेकच्या दिवसांतही कॉलेजच्या गॅदरिंगला हेच चित्र होतं. कव्हरला शिट्ट्या आणि स्वतःच्या गाण्याला 'बस कर ना भाऊ'.

पुढे काय झालं तेही सांगतो. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये बँडनं नाव बदलून इंडस क्रीड केलं. सिंधू नदी नावातच आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम आला. नंतर बँड फुटला, मंडळी पांगली. २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. त्याचं मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, म्हणजे पर्ल जॅमचा 'टेन' ज्यांनी मिक्स केला तेच. हा सगळा प्रवास १९८८ च्या त्या एका निर्णयावर उभा आहे.

आज लॅपटॉपवर, खोलीत बसून, तुमसर असो की पवनी, कोणीही पोरगं गाणं रेकॉर्ड करून रात्रीतून जगभर टाकू शकतं. कर नाही, कंपनी नाही, वाहिनी नाही. पण पहिल्या स्वतःच्या गाण्याची भीती जशी होती तशीच आहे, ती काही सॉफ्टवेअरनं जात नाही. ती घालवायला लागतो समोर बसून ऐकणारा माणूस. म्हणून एक विनंती. या मंडईत किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला कोणी 'हे आमचं गाणं आहे' असं म्हणालं, तर चहाला उठू नका. चार मिनिटांचा प्रश्न आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.