तुसाच्या राखेचे सिमेंट : टंचाईने सुचवलेला एक भारतीय प्रयोग

भात भरडल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस म्हणून उरतो. ते तूस जाळले की पुन्हा त्याचा जवळपास पाचवा हिस्सा राख होते. भाताचे रोप जमिनीतली सिलिका शोषून तुसात साठवते. म्हणून नीट जळलेल्या राखेत ८५ टक्क्यांहून अधिक सिलिका आढळते.

तिच्या उपयोगामागचे तत्त्व प्राचीन आहे. रोमन गवंडी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत, आपल्याकडे भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळत. चुना आणि सिलिका यांच्या पाण्यातील संयोगातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते. पोर्टलंड सिमेंटची बळकटीही मुख्यतः त्याच पदार्थामुळे येते.

१९७०च्या दशकात भारतात सिमेंटची टंचाई होती आणि त्याच्या वाटपावर सरकारी नियंत्रण होते. तेव्हा संशोधकांचे लक्ष भातगिरण्यांबाहेरच्या ढिगांकडे वळले. आयआयटी कानपूरमध्ये पी. सी. कपूर यांनी राख व चुना यांपासून ‘ॲशमोह’ हे बंधक विकसित केले. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत तूस आणि कारखान्यांतला टाकाऊ चुन्याचा गाळ यांवर काम झाले. बर्कली येथे भारतीय वंशाचे पी. कुमार मेहता याच राखेचा अभ्यास करत होते. १९७९च्या जानेवारीत पेशावर येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळाही भरली.

खरी कसोटी होती जाळण्याची. तापमान सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत राखले, तर सिलिका अस्फटिक राहते आणि चुन्याशी चटकन संयोग पावते. त्याहून फार तापली, तर ती स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते. घटक तेच, पण गुण हरपतो. म्हणून कपूर यांनी जाळीची टोपली आणि तिच्या मध्यभागी सच्छिद्र नळी अशी साधी, स्वस्त भट्टी रचली.

१९८२मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः आणि १९८९मध्ये पूर्णतः उठले. सिमेंट सहज मिळू लागले, तसे या पर्यायाचे तातडीचे प्रयोजन सरले. शिवाय तूस हेच बॉयलरचे इंधन म्हणून विकले जाऊ लागले. तिथे ज्वलन उष्णतेसाठी होते, राखेच्या गुणवत्तेसाठी नव्हे.

आज कर्बउत्सर्जनाच्या चिंतेने या राखेला पुन्हा महत्त्व आले आहे. ‘आयएस ४५६ : २०००’ ही भारतीय मानकसंहिता काँक्रीटमध्ये तिचा वापर मान्य करते, मात्र राखेचे गुण एकसारखे असावेत ही अट घालते. कानपूरच्या त्या टोपलीपुढे असलेला प्रश्नही नेमका हाच होता.