एका वर्षानंतर काय झाले?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे नेमके केव्हा म्हणावे? टाके घालून झाले तेव्हा, रोगी घरी गेला तेव्हा, की वर्षभराने त्याने हात वर उचलला तेव्हा? खांद्याच्या कंडरांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास होय.

खांद्याच्या फाटलेल्या कंडरांचे वर्णन जे. जी. स्मिथ यांनी 1834 सालीच लंडनमध्ये केले होते. परंतु त्या जिवंत माणसाच्या शरीरात पुन्हा शिवण्याचे श्रेय बोस्टनच्या अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांच्याकडे जाते. 1909 मध्ये केलेल्या अशा दोन शस्त्रक्रियांचा वृत्तांत त्यांनी 1911 मध्ये प्रसिद्ध केला. रंटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधून काढल्यावर त्यांचा वैद्यकात उपयोग करू पाहणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत कॉडमन होते. जे आत आहे ते डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची ओढ तेव्हापासूनची.

या ओढीतूनच त्यांचा आग्रह जन्मास आला. प्रत्येक रोग्याची नोंद ठेवावी, वर्षभराने त्याला पुन्हा तपासावे आणि गुण आला नसेल तर का आला नाही हे उघड लिहावे. स्वतःच्या लहानशा रुग्णालयात 1911 ते 1916 या काळात उपचार घेतलेल्या 337 रोग्यांच्या नोंदींत त्यांनी स्वतःच्या 123 चुका मोजून छापल्या. 1915 मध्ये त्यांनी भर सभेत एक व्यंगचित्र दाखविले. वाळूत डोके खुपसलेला, धनिकांचे प्रतीक असलेला शहामृग डॉक्टरांसाठी सोन्याची अंडी घालीत आहे, असे ते चित्र होते. शहरातील प्रतिष्ठित डॉक्टर संतापले आणि कॉडमन एकाकी पडले. 1934 मध्ये त्यांचा खांद्यावरील ग्रंथ निघाला. 1940 मध्ये ते वारले.

पुढे तंत्र पालटले. 1944 मध्ये हॅरिसन मॅकलॉफलिन यांनी हाडात चर खोदून त्यात कंडरेचे टोक बसविण्याची रीत सांगितली. 1980 च्या दशकात धातूचे छोटे 'अँकर' आले. जहाजाचा नांगर तळाशी रुततो, तसा हा अँकर दंडाच्या हाडात रुततो आणि त्याला बांधलेल्या दोऱ्यांनी कंडरा हाडाशी आवळली जाते. अँकर सैल होऊन सांध्यात उतरला, तर सांध्याची गुळगुळीत कूर्चा खरवडली जाते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरण चित्र काढणे अगत्याचे ठरले. पहिल्या चित्राशी पुढील चित्र ताडले की धातू जागेवर आहे की सरकला, हे कळते.

परंतु येथेच एक विलक्षण अडचण उभी राहिली. क्ष-किरणांना धातू दिसतो, कंडरा दिसत नाही. एम.आर.आय. चित्रात कंडरा दिसते, पण धातूच्या आसपास चित्र विस्कटते. मग शरीरात विरघळणारे अँकर निघाले. त्यांच्याभोवती कधीकधी हाडात पोकळ्या झालेल्या एम.आर.आय.मध्ये दिसू लागल्या. त्यानंतर 'पीक' या प्लास्टिकचे अँकर आले, ते एम.आर.आय. बिघडवीत नाहीत, पण क्ष-किरणांना दिसतही नाहीत. एका साधनाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा ठरला!

पाहण्याने काय हाती लागते, याचा दाखला 2004 मध्ये मिळाला. अमेरिकेत लीसा गॅलात्झ व सहकाऱ्यांनी दुर्बिणीने शिवलेल्या मोठ्या फाटींची सोनोग्राफीने तपासणी केली. 18 पैकी 17 रोग्यांची कंडरा पुन्हा फाटलेली आढळली. आश्चर्य असे की त्यांतील बहुतेकांस आरंभी आराम वाटत होता. तो गुण दुसऱ्या वर्षी काहीसा उतरला. रोग्याचे समाधान आणि कंडरेची स्थिती या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरल्या. पुढील वर्षी जपानमधील हिरोयुकी सुगाया यांनी एम.आर.आय. चित्रांवरून शिवलेल्या कंडरेच्या पाच अवस्था मांडल्या, आणि डॉक्टरांना एका भाषेत बोलता येऊ लागले.

यावरून कोणी असे समजू नये की चित्र म्हणजेच सत्य. चित्रात फाट दिसते म्हणून दुखणे नसलेल्या माणसाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणे शहाणपणाचे नव्हे. आणि दुखणे वाढत असता 'अँकर जागेवर आहे' एवढ्यावर त्याची बोळवण करणेही न्यायाचे नव्हे. माणूस आणि चित्र, दोहोंकडे पाहिल्यावाचून कॉडमन यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत कॉडमन यांच्या थडग्यावर अनेक दशके दगडही नव्हता. 2014 मध्ये तो बसविण्यात आला. शल्यविशारदांनी आपल्या जातभाईचा शेवट पाहण्यास इतका काळ घेतला!