वाहनमुक्त सायकल पर्यटन : ओझर आणि गोदावरी–कादवा खोरे

मोटारी, ट्रक व दुचाकी यांना मज्जाव असलेल्या, किंवा त्यांची वर्दळ अगदी विरळ असलेल्या सलग वाटेने, गरजेपुरते सामान सायकलला बांधून केलेला निवांत प्रवास. शर्यतीचा वेग किंवा सहनशक्तीची कसोटी हा त्याचा हेतू नसतो. गावे, शेते, पाणवठे आणि मुक्काम जोडत जाणे हा असतो. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर हे गाव या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. बाणगंगा नदीच्या काठी, मुंबई–आग्रा महामार्गावर, नाशिकपासून सुमारे २० किमी. अंतरावर ते वसले आहे. मिग विमानांच्या बांधणीसाठी १९६४ मध्ये येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि ‘ओझर मिग’ हे नाव रूढ झाले. महामार्ग, कारखाना, विमानतळ आणि द्राक्षाची शेती यांमुळे इथल्या रस्त्यांवर अवजड वाहनांचा भार मोठा आहे. तरीही वाहनमुक्त वाटेला लागणाऱ्या दोन सर्वांत दुर्मिळ गोष्टी ओझरपाशी आहेत : मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट चालणारी कालव्याची रेषा, आणि अशी सामाईक रेषा गावकऱ्यांनी मिळून सांभाळण्याचा अनुभव. तिसरी गोष्ट, म्हणजे सलगपणा, ही व्यवस्थापनाने साधण्याची बाब आहे. तिच्यासाठी नवा रस्ता बांधण्याची गरज फार थोडी आहे.

या प्रकारच्या पर्यटनाचा परिपक्व नमुना फ्रान्सच्या ग्रामीण नदीखोऱ्यांत दिसतो. बर्गंडीतील जिव्री ते क्ल्यूनी या बंद पडलेल्या लोहमार्गावर १९९७ मध्ये हरितमार्ग खुला झाला आणि तो पुढच्या अनेक मार्गांना आदर्श ठरला. विनामोटार वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव वाट ही संज्ञा २००४ मध्ये फ्रेंच वाहतूक नियमांत आली. ल्वार नदीच्या खोऱ्यातून अटलांटिक किनाऱ्यापर्यंत जाणारा सुमारे ९०० किमी.चा सायकलमार्ग हे याचे सर्वपरिचित उदाहरण. तो संपूर्ण वाहनमुक्त नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. त्याचे काही तुकडे पूरबंधाऱ्यांवरून, काही कालव्याकाठच्या जुन्या वाटांवरून, तर बरेचसे कमी रहदारीच्या गावरस्त्यांवरून जातात. सायकलस्वाराला तो एकच मार्ग वाटतो, कारण दिशाफलक कोठेही तुटत नाहीत, मोठे रस्ते ओलांडण्याच्या जागा विचारपूर्वक ठरवलेल्या आहेत, आणि मार्गापासून पाच किमी.च्या आत सायकल सुरक्षित ठेवण्याची व किरकोळ दुरुस्तीची सोय असलेल्या निवासांना अधिकृत चिन्ह दिले जाते. मार्गाची ओळख डांबरावरून ठरत नाही. ती अशा सातत्यातून तयार होते.

लोहमार्ग आणि कालवे यांच्याच वाटा सायकलीला का मानवतात, याचे उत्तर चढ-उतारात आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून तिचा मार्ग सौम्य उताराचा आखावा लागतो. युरोपातील जुने नौकालवे पातळी राखून चालत आणि काठावरून घोडे नावा ओढत. सिंचनाचा कालवा याहूनही नेमका असतो. पाणी धरणापासून शेवटच्या चारीपर्यंत केवळ उताराच्या जोरावर पोचवायचे असल्याने दर किलोमीटरला अगदी थोडी पातळी खर्च केली जाते, आणि कालवा टेकड्यांना वळसे घालत समपातळीच्या जवळून धावतो. त्याच्या भरावावर पाटकरी व अभियंत्यांसाठी तपासणीचा रस्ता ठेवलेला असतो. नाशिक जिल्ह्यात असे जाळे विस्तृत आहे. गंगापूर धरणाचा डावा कालवा नाशिककडून निफाडच्या दिशेने येतो. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पाच्या उजव्या कालव्याचे शेपूट ओझर परिसरात पोचते. कादवेवरील पालखेड धरणाचा डावा कालवा येवल्याकडे जातो. गोदावरी–कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यापासून डावा व उजवा कालवा कोपरगावच्या बाजूला निघतात. हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा. त्याच्या फुगवट्यात साठलेल्या गाळाने घडवलेल्या पाणथळीला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. ओझरपासून ते सरळ रेषेत वीस-बावीस किमी. आहे, म्हणजे सायकलने एका दिवसात जाऊन येण्याजोगे.

नदीखोऱ्यातला मार्ग नदीला चिकटूनच असावा, ही कल्पना मात्र येथे सोडावी लागते. गोदावरीला पूर आला की चांदोरी व सायखेडा येथे वस्तीत पाणी शिरते. २०१९ च्या पुरात ते पुन्हा दिसून आले. पूररेषेत आखलेली वाट दर पावसाळ्यानंतर नव्याने करावी लागेल. खोऱ्यातील काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते आणि सायकल हातानेही ढकलवत नाही. कालव्याचा भराव उंच व दाबलेला असतो. त्यावर मुरमाचा थर दाबून घेतला तर रुंद टायरच्या प्रवासी सायकलीला तेवढे पुरते. हंगामही अनुकूल आहे. निफाड थंडीतल्या नीचांकी तापमानासाठी राज्यभर ओळखले जाते, स्थलांतरित पक्षी त्याच काळात येतात आणि जानेवारीपासून द्राक्षाची काढणी रंगात येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने पुरेसे आहेत. पर्यटनासाठी वर्षभर चालणारा मार्ग हवाच, असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

कालव्याकाठच्या अशा मार्गाला पहिला आक्षेप असा की कालवा हा शेतीच्या पाण्यासाठी आहे; त्यावर परक्यांची ये-जा वाढली तर दारांशी छेडछाड, कचरा आणि बुडण्याचे अपघात वाढतील. आक्षेप रास्त आहे. भराव जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो आणि विभागाच्या परवानगीवाचून मार्ग जाहीर करणे अयोग्य ठरेल. पण आज ही वाट निर्जन नाही. दुचाकी आणि ट्रॅक्टर तिचा वापर कोणत्याही नियमाविना करतात. प्रश्न वापर होऊ द्यायचा का, असा उरलेला नाही. तो कोणाच्या देखरेखीखाली व्हावा, एवढाच आहे. येथे ओझरचा इतिहास उपयोगी पडतो. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी वाघाडच्या शेपटाकडील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. मोजून पाणी घेणे, आवर्तनाची पाळी लावणे, पट्टी गोळा करणे आणि चाऱ्यांची दुरुस्ती ही कामे त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढे महाराष्ट्राने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याआधीच ओझरने ही पद्धत चालवून दाखवली होती. शेपटाला पाणी पोचले नाही तर माथ्याकडची मुबलकता व्यर्थ ठरते, हा या संस्थांचा धडा सायकलमार्गालाही तंतोतंत लागू पडतो : वीस किमी. उत्तम वाटेत एक किमी. महामार्गाचा आला, तर मुले घेऊन निघालेले कुटुंब ती वाट धरणारच नाही.

दुसरा आक्षेप असा की वाट सुधारली की मोटारसायकली वाढतील आणि वाहनमुक्तता कागदावर राहील. अनेक गावरस्त्यांचा अनुभव याला पुष्टी देतो, आणि म्हणूनच डांबरीकरण टाळणे शहाणपणाचे आहे. विशिष्ट रस्त्यावर मोटारवाहने रोखण्याचा वा मर्यादित करण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासनाला आहे. तथापि निव्वळ बंदीने भागणार नाही, कारण द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर गेलाच पाहिजे आणि काढणीचा माल उचललाच पाहिजे. जेथे बागाईतदाराला दुसरी वाट नाही तेथे त्याचा हक्क आधी. अशा तुकड्यांवर कुलूपबंद, काढता येणारे खांब बसवून किल्ली पाणीवापर संस्थेकडे ठेवता येते. उरलेल्या जागी शिवारातले पाणंद रस्ते जोडता येतात. ते मोकळे व मजबूत करण्यासाठी २०२१ पासून राज्याची योजनाही आहे. विरळ रहदारीचा रस्ता मार्गात सामावून घेणे हा तत्त्वाशी द्रोह नव्हे. ल्वार खोऱ्याने तेच केले आहे.

तिसरा आक्षेप मागणीचा : सायकलवर हिंडायला येणार कोण? नाशिकची सायकल परंपरा याचे अर्धे उत्तर देते. हितेंद्र व महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते. मात्र हे सारे कसलेल्या, महामार्गावर धैर्याने चालणाऱ्या सायकलस्वारांचे यश आहे. वाहनमुक्त मार्गाची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे ती ट्रकच्या भीतीने सायकल न काढणाऱ्यांना : शाळकरी मुले, ज्येष्ठ नागरिक, कारखान्याच्या पाळीला जाणारे कामगार. आज रस्त्यावर सायकली कमी दिसतात, यावरून त्यांची इच्छा मोजता येत नाही. पूल नसलेल्या नदीपलीकडे किती जणांना जायचे आहे, हे पोहणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवता येत नाही. पर्यटक चार महिने येतील, गावकरी बारा महिने वापरतील, आणि गावकऱ्यांच्या वापरामुळेच वाट झाडोऱ्याने व अतिक्रमणाने बुजणार नाही.

यातून कामांचा क्रम ठरतो. आधी महामार्ग ओलांडण्याच्या जागा : कालवे व ओढे जेथे मोऱ्यांखालून जातात तेथे बाजूने वाट काढता येते का, हे तपासणे. नंतर विमानतळ व कारखान्याची प्रतिबंधित हद्द टाळणारे वळण, खोल पाण्यालगत कठडे, भरावाला धक्का न लावता बाहेरील पायथ्याशी सावलीची झाडे, आणि नाशिक ते अभयारण्यालगतचे चापडगाव एकाच चिन्हाचे फलक. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने सूर्यास्तानंतर मार्ग बंद ठेवणे हाही नियमाचाच भाग असावा. यांतील बहुतेक कामे छोटी आहेत, पण ती निरनिराळ्या खात्यांच्या हद्दीत येतात. जलसंपदा, वन, महामार्ग आणि ग्रामपंचायती यांना एका आराखड्यावर आणणे हेच खरे बांधकाम आहे. पाण्याच्या बाबतीत ते काम ओझरच्या शेतकऱ्यांनी एकदा केले आहे, म्हणून वाटेच्या बाबतीत त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे अवाजवी नाही.