देशभक्तीचे मोजे: ज्यांच्यावर झेंडा नव्हता, तेच खरे का मानले जातात?

युद्धात गेलेल्या माणसाची आठवण जपायची म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? स्तंभ, पुतळा, चौकाला दिलेलं नाव. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात मात्र आणखी एक पद्धत आहे. लोकरीचा गुंडा घ्यायचा, चार सुया घ्यायच्या आणि मोजे विणायला बसायचं. २०१४ ते २०१८ या काळात पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं होत होती. तेव्हा विणकामाची आवड असणाऱ्यांनी त्या काळच्या छापील सूचना शोधून काढल्या आणि तसेच मोजे पुन्हा विणले. कुणी पणजोबांसाठी, कुणी गावच्या स्मारकावरच्या एखाद्या नावासाठी.

पण मोजेच का? मफलर का नाही, टोपी का नाही?

याचं उत्तर खंदकात आहे. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियममध्ये सैनिक गुडघाभर चिखलात उभे होते. पाय दिवसरात्र ओले आणि गार. अशा पायातला रक्तपुरवठा कमी होतो, पाय सुजतात, बधिर होतात, कातडी फाटते आणि वेळीच काही केलं नाही तर मांस सडायला लागतं. याला 'ट्रेंच फूट' असं नाव पडलं. पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश फौजेतल्या सुमारे २० हजार जणांना या दुखण्याने गाठलं. काहींचे पाय कापावे लागले. त्यासाठी गोळी लागायची गरज नव्हती.

यावर उपाय साधा होता. पाय कोरडे करा, त्यांना व्हेल माशाचं तेल चोळा आणि मोजे बदला. बदलायचे म्हणजे जवळ दुसरा, तिसरा जोड हवा. एवढे मोजे कारखान्यांतून वेळेवर निघेनात. म्हणून ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी राणी मेरीकडे मागणी केली आणि राणीच्या संस्थेमार्फत देशातल्या बायकांना आवाहन गेलं. आकडा होता ३ लाख जोडांचा.

आपल्याकडच्या वाचकांना किचनर हे नाव अगदीच अनोळखी नसावं. १९०२ ते १९०९ या काळात ते भारतातल्या फौजेचे सरसेनापती होते. लष्करी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी त्यांनी १९०५ मध्ये स्टाफ कॉलेज सुरू केलं ते नाशिकजवळच्या देवळालीत. ते पुढे क्वेट्ट्याला गेलं.

विणकामाच्या जगात मात्र हे नाव एका टाक्यामुळे टिकून आहे. मोजा विणत पंजाच्या टोकापर्यंत आला की दोन्ही बाजूंचे टाके जोडून तोंड बंद करावं लागतं. तिथे शिवण आली तर ती बोटांना घासते. मैलोन्‌मैल चालणाऱ्या सैनिकाला फोड येतो, फोड चिघळतो. म्हणून शिवणीऐवजी सुईने टाक्यात टाका ओवून असा जोड द्यायचा की जोड कुठे आहे हे बोटाला कळूच नये. याला 'किचनर स्टिच' म्हणतात. किचनरसाहेबांनी स्वतः तो शोधला अशी गोष्ट विणकामाच्या पुस्तकांत हमखास सापडते. ती मनावर घेऊ नये. अशा जोडाची माहिती १९ व्या शतकातल्या पुस्तकांतच आहे. नाव तेवढं युद्धामुळे चिकटलं. स्वतः किचनर युद्ध संपलेलं पाहू शकले नाहीत. ५ जून १९१६ रोजी त्यांचं जहाज ऑर्कनी बेटांजवळ सुरुंगावर आदळून बुडालं.

नंतर ही लाट सगळीकडे पसरली. ऑस्ट्रेलियातल्या बायकांनी युद्धाच्या काळात साडेतेरा लाखांच्या आसपास जोड विणले, असा अंदाज आहे. बऱ्याच जणी मोज्याच्या आत चिठ्ठी ठेवायच्या. नाव, पत्ता आणि दोन ओळी. काही चिठ्ठ्यांना खंदकातून उत्तरं यायची. सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये ग्रेस कॉसिंग्टन स्मिथ या चित्रकर्तीचं १९१५ मधलं 'द सॉक निटर' नावाचं चित्र आहे. खाली मान घालून मोजा विणणारी ती तरुणी म्हणजे तिचीच बहीण. ऑस्ट्रेलियातल्या आधुनिक चित्रकलेची सुरुवात सांगताना या चित्राचं नाव घेतलं जातं. त्यात तोफ नाही, गणवेश नाही. पण युद्ध घरात शिरलेलं दिसतं.

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि तिथे रेडक्रॉसने ही मोहीम हाती घेतली. 'आपल्या पोरांना मोजे हवेत, तुमच्या वाट्याचं विणा' अशा अर्थाची भित्तिपत्रकं लागली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तर व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या चरायला सोडल्या. त्यांची लोकर लिलावात विकून ५० हजार डॉलरहून जास्त रक्कम रेडक्रॉसला मिळाली.

आता या मोज्यांवर काय होतं? झेंडा? तारे? घोषणा? काहीच नाही. रेडक्रॉसच्या सूचना हिशेबाच्या वहीसारख्या कोरड्या आहेत. तीन सुयांवर २०-२० असे ६० टाके घाला आणि चौथ्या सुईने गोल विणत जा. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. काठ आवळून घालू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, लोकर संपली तर गाठ मारू नका, टोकं आत विणून घ्या, कारण गाठीने पायाला फोड येतो. रंग बहुतेक करडा. नक्षीला वाव नाही. सगळी देशभक्ती त्या न मारलेल्या गाठीत होती, असं म्हटलं तरी चालेल.

या मोहिमेची दुसरी बाजूही होती. विणणाऱ्या प्रत्येकीचा मुलगा किंवा नवरा परत आला नाही. तरीही कित्येकींनी हातातल्या सुया खाली ठेवल्या नाहीत. आपला गेला, आता दुसऱ्या कुणाच्या मुलासाठी. मोजे विणणं ही श्रद्धांजली होते ती इथून.

भारताचा संबंध इथे दोन ठिकाणी येतो. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे भारतीय सैनिक मार्सेय बंदरात उतरले आणि थेट त्याच थंडीत गेले. त्यांना गरम कपडे पुरवण्यासाठी लंडनमध्ये 'इंडियन सोल्जर्स फंड' उभा राहिला. त्याच सुमारास सरोजिनी नायडू लंडनमध्ये होत्या. सैनिकांसाठी कपडे करणाऱ्या लायसियम क्लबच्या त्या सभासद होत्या. बेतून ठेवलेल्या कपड्यांचा ढीग त्यांनी गांधीजींपुढे ठेवला आणि शिवून आणायला सांगितलं. हा प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दुसरी वेळ १९६२ ची. कॅनव्हासच्या बुटांत आणि सुती गणवेशात जवान हिमालयात लढले, हे कळल्यावर देशभर बायकांनी स्वेटर, मोजे, मफलर विणायला घेतले. घरात ऐंशी ओलांडलेली आजी असेल तर विचारून बघा, एखादा जोड तिच्याही हातचा असू शकतो.

आता रंगांचा प्रश्न. अमेरिकेत आज लाल-पांढरे-निळे मोजे सर्रास मिळतात आणि स्मृतिदिनासाठी तसे विणलेही जातात. खरं तर तिथल्या ध्वजसंहितेतही झेंडा पोशाख म्हणून वापरू नये असं लिहिलं आहे, पण तो सल्ला आहे. त्याबद्दल कुणाला शिक्षा होत नाही.

भारतात तसं नाही. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायदा, १९७१ नुसार राष्ट्रध्वज कमरेखाली घालायच्या कुठल्याही पोशाखात किंवा वस्तूत वापरणं हा ध्वजाचा अवमान आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ध्वज म्हणजे फक्त कापडी झेंडा नव्हे, त्याचं किंवा त्याच्या भागाचं दिसणारं कोणतंही चित्र त्यात येतं. त्यामुळे १५ ऑगस्टला तिरंग्याचे मोजे घालून फोटो टाकणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तो अडचणीत येऊ शकतो. पायाला लागलेली वस्तू आपल्याकडे कपाळाला लावून माफी मागतात, तिथे हा नियम समजायला फारसा अवघड नाही.

म्हणूनच आता आठवणीसाठी विणणारे बरेच जण मोज्यांकडून दुसऱ्या वस्तूंकडे वळले आहेत. मेलबर्नच्या दोन महिलांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आपल्या वडिलांसाठी २०१३ मध्ये १२० लाल पॉपीची फुलं विणायचं ठरवलं. बघता बघता लोक जोडले गेले आणि एप्रिल २०१५ मध्ये फेडरेशन स्क्वेअरवर अडीच लाखांच्या आसपास फुलं पसरली होती. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्धाच्या संग्रहालयाने २००६ पासून जुन्या सैनिकांसाठी मफलर विणून घ्यायला सुरुवात केली. त्या मोहिमेचं नाव रेडक्रॉसच्या जुन्या भित्तिपत्रकावरूनच घेतलं आहे: 'निट युअर बिट'.