विद्यादानाची परंपरा आणि गरजेचा निकष

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. शास्त्रदान म्हणजे प्राचीन काळी ग्रंथांच्या प्रती लिहवून त्या मुनींना व भांडारांना अर्पण करणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाचा अर्थ विस्तारला. विज्ञानाचे व अभियांत्रिकीचे शिक्षण मोठ्या शहरांतच मिळत असे. खेड्यातून आलेल्या होतकरू मुलापुढे फीइतकाच बिकट प्रश्न निवाऱ्याचा आणि धर्मनियमांनुसार भोजनाचा होता.

ही अडचण दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी ओळखली. इ. स. १९०० मध्ये मुंबईत हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू झाले. त्याआधी वर्षभर, १८९९ मध्ये, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती. तिच्या प्रेरणेने ठिकठिकाणी वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहाची ही कल्पना सर्व जातिधर्मांच्या मुलांपर्यंत नेली. सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याला पुढे उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव देण्यात आले.

याच काळात साहाय्याचा दुसरा मार्गही रुजला होता. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. विद्यार्थ्याने मिळवते झाल्यावर रक्कम परत करावी आणि त्यातून पुढच्याचे शिक्षण व्हावे, अशी त्यामागील योजना होती. घेणाऱ्याचा स्वाभिमान त्यामुळे अबाधित राहिला.

या सर्व प्रयत्नांत गरज ओळखण्याचे काम माणसे करीत. गावचे पंच आणि विश्वस्त विद्यार्थ्याचे घर जाणून असत. शासनाने जबाबदारी स्वीकारली तेव्हा मात्र सर्वांना सारखा लागू होणारा निकष आवश्यक ठरला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ मध्ये, वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेल्या कुटुंबांतील मुलांना फी-सवलत मिळाली. जातीऐवजी आर्थिक स्थिती हा तिचा आधार होता.

केंद्र शासनाने २००७-०८ मध्ये अल्पसंख्याकांसाठी व्यावसायिक व तांत्रिक शिक्षणाची गुणवत्ता-नि-साधन शिष्यवृत्ती सुरू केली. उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये होती, शिक्षणशुल्कासाठी वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळे आणि ३० टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव होत्या. जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा हे दार त्याच्यासाठी उघडले. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेची उत्पन्नमर्यादा २०१७-१८ पासून आठ लाख रुपये झाली. या मर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही सवलत लागू होत नाही.

पात्रतेच्या या इतिहासात एक त्रुटी राहून जाते. उत्पन्नाचा दाखला वर्षाची बेरीज सांगतो. घरातील आजारपण, दुष्काळाचे वर्ष किंवा एकाच वेळी शिकणारी तीन भावंडे त्यात दिसत नाहीत. मर्यादेहून थोडे अधिक मिळवणारे कुटुंब बाहेर राहते. शिक्षणशुल्क माफ झाले, तरी वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके यांचा खर्च उरतो. दाखला मुदतीत न मिळाल्याने हक्काची शिष्यवृत्तीही हातची जाते.

समाजसंस्थांचे काम शासकीय योजनांमुळे संपलेले नाही, ते याच कारणाने. अर्ज वेळेवर भरवून घेणे, कागदपत्रे जुळवणे, शुल्काची प्रतिपूर्ती येईपर्यंत परतफेडीच्या बोलीवर रक्कम देणे आणि दाखल्यात न मावणारी गरज ओळखणे, ही कामे घर जाणणाऱ्या माणसांनीच करावयाची असतात. १९०० साली बोर्डिंगच्या रूपाने जे शास्त्रदान सुरू झाले, त्याचे आजचे स्वरूप हेच आहे.